बालेकिल्ल्यातला उलटा निकाल: अँट्रिम काउंटी, मिशिगन, २०२०

४ नोव्हेंबर २०२० च्या पहाटे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या अँट्रिम काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) संकेतस्थळावर अध्यक्षपदाचा अनधिकृत निकाल झळकला: जो बायडेन ७,७६९, डोनाल्ड ट्रम्प ४,५०९. उजाडायच्या आत लोक गोंधळून गेले. ट्रम्पसमर्थक गोंधळले, आणि बायडेनच्या समर्थकांनाही हा आकडा पटेना. आपल्या गावात असे मतदान होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडले कारण एखाद्या छोट्या ठिकाणचा राजकीय कल इथे चूक पकडण्याचे साधन ठरला. पण चूक पकडली गेली म्हणून विश्वास टिकला, असे झाले नाही. स्थानिक व्यक्तींची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. अभ्यास त्यांच्या निर्णयांचा आहे, माणसांचा नाही.

पार्श्वभूमी

मिशिगनचा खालचा भाग नकाशावर हातमोज्यासारखा दिसतो, म्हणून तिथली माणसे आपले गाव दाखवायला तळहातच पुढे करतात. अँट्रिम काउंटी येते करंगळी आणि अनामिका यांच्यामधल्या खाचेच्या पूर्वेला. ती खाच म्हणजे ग्रँड ट्रॅव्हर्स उपसागर. लोकवस्ती सुमारे २३ हजार. संपूर्ण काउंटीत एकही शहर नाही. पंधरा टाउनशिप, म्हणजे काउंटीचे छोटे प्रशासकीय विभाग, आहेत आणि पाच छोटी गावे: बेलेअर, सेंट्रल लेक, मॅन्सेलोना, एल्क रॅपिड्स आणि एल्सवर्थ. बेलेअर हे मुख्य ठिकाण. चेरीच्या बागा, तळ्यांची साखळी, तीस किलोमीटर लांबीचे टॉर्च लेक, उन्हाळ्यात येणारे पर्यटक आणि निवृत्तीनंतर तळ्याकाठी स्थायिक झालेली माणसे, असा हा परिसर. वस्ती बहुतांश श्वेतवर्णीय आणि वयाने पोक्त.

राजकारण ठळक रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाचे. २००८ मध्ये बराक ओबामांनी मिशिगन मोठ्या फरकाने जिंकले, तरी अँट्रिममध्ये पुढे होते जॉन मॅकेन. २०१६ मध्ये ट्रम्प यांना इथे सुमारे ६२ टक्के मते मिळाली, हिलरी क्लिंटन यांना ३३ च्या आसपास. काउंटीच्या पातळीवरची पदेही रिपब्लिकनांकडेच असत. निवडणुकीचे काम पाहणारी काउंटी क्लार्क हीसुद्धा रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेली. या बाई कित्येक दशके त्याच कार्यालयात काम करत आल्या होत्या.

इथे आपल्या वाचकासाठी थोडे थांबायला हवे, कारण अमेरिकेतली निवडणूक आपल्यासारखी एका आयोगाच्या हातात नसते. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आहेत. प्रत्यक्ष मतदान घेते टाउनशिपची क्लार्क. मतपत्रिकेची रचना, यंत्रांसाठीची माहिती आणि निकालाचे एकत्रीकरण काउंटीच्या क्लार्ककडे असते. या दोन्ही पदांवरची माणसे निवडून येतात, पक्षाच्या तिकिटावर. शिवाय मतपत्रिका एकाच पदाची नसते. राष्ट्राध्यक्षापासून गावच्या विश्वस्तापर्यंत, शाळा मंडळापासून एखाद्या स्थानिक ठरावापर्यंत सगळे एकाच लांबलचक कागदावर असते. त्यामुळे प्रत्येक टाउनशिपची मतपत्रिका वेगळी.

अँट्रिममध्ये मतदार कागदावर पेनाने गोल भरतो, आणि तो कागद केंद्रावरचे यंत्र वाचते. कागद आत जपून राहतो. आपल्याकडच्या ईव्हीएमशी या यंत्राची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात शेवटी हाच कागद कामी आला. मतदान संपले की यंत्रातून मतांची छापील पट्टी निघते, आणि यंत्रातले स्मृतिपत्र म्हणजे मेमरी कार्ड काउंटीच्या कार्यालयात जाते. तिथल्या संगणकात सगळ्या टाउनशिपचे आकडे एकत्र होतात.

अडचण

आता पहाटेच्या त्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. बायडेन यांना दोघांच्या मिळून मतांपैकी ६३ टक्के. चार वर्षांपूर्वी ट्रम्प जवळजवळ तीस टक्क्यांनी पुढे होते, आणि आता एकदम एवढे उलटे?

शेजारच्या लीलनॉ काउंटीने २०१६ मध्ये ट्रम्प यांना निवडले होते आणि २०२० मध्ये ती बायडेनकडे वळली. म्हणजे या भागात वारे थोडे फिरले होते हे खरे. म्हणून ‘इथे डेमोक्रॅट जिंकूच शकत नाही’ एवढ्या एका कारणाने निकाल फेटाळणे बरोबर ठरले नसते. वारे फिरते तेव्हा पाच-सात टक्के इकडचे तिकडे होतात, अर्धा गाव एका रात्रीत उलटत नाही.

दुसरी खूण कलापेक्षाही पक्की होती, आणि तिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिले. त्या दिवशी सुमारे १६ हजार लोकांनी मतदान केले. बायडेन आणि ट्रम्प यांची बेरीज १२,२७८. म्हणजे पावणेचार हजारांच्या आसपास माणसे मतदान केंद्रापर्यंत गेली किंवा टपालाने मतपत्रिका पाठवली, आणि या दोघांपैकी कुणालाही मत न देता परतली, असा त्या निकालाचा अर्थ होत होता. अमेरिकेत त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक किती चुरशीने लढली गेली हे आठवा. अंतिम प्रमाणित निकालात या दोघांना मत न देणारे होते अवघे ३३६. पहाटेच्या तक्त्याची एक बेरीज केली असती तरी आकडा खोटा बोलतो आहे हे कळले असते.

चूक कुठे झाली

खरे कारण ऑक्टोबरात दडलेले होते. मतपत्रिका आणि स्मृतिपत्रे तयार झाल्यानंतर काही स्थानिक लढतींच्या मजकुरात चुका आढळल्या. तीन टाउनशिपच्या मतपत्रिका दुरुस्त कराव्या लागल्या: सेंट्रल लेक, मॅन्सेलोना आणि वॉर्नर. दुरुस्ती क्षुल्लक वाटावी अशी होती. अध्यक्षपदाच्या रकान्याला कुणी हातही लावला नव्हता.

शाळेतल्या हजेरीपटाचे उदाहरण घेतो. वर्गात अकारविल्हे हजेरी क्रमांक दिले आहेत. सत्र सुरू झाल्यावर एका नव्या मुलाचे नाव मध्येच घातले, आणि त्याच्यापुढच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने सरकला. कार्यालयाकडे नवा पट गेला. पण पेपर तपासणाऱ्या काही शिक्षकांकडे जुनाच पट राहिला. त्यांनी क्रमांकावरून गुण पाठवले आणि कार्यालयाने नव्या पटात ते चढवले. गुण सगळे खरे, तपासणीही खरी, पण प्रत्येक मुलाच्या नावापुढे शेजाऱ्याचे गुण.

अँट्रिममध्ये हेच झाले. काउंटीच्या संगणकात नवी रचना होती. बहुतेक टाउनशिपच्या यंत्रांमध्ये जुन्या रचनेची कार्डे होती. दोन्हीकडचे आतले क्रमांक जुळेनात, आणि एकत्रीकरणात मते चुकीच्या नावांवर जाऊन बसली. केंद्रावरच्या यंत्रांनी कागद नीट वाचले होते. त्यांच्या छापील पट्ट्यांवर खरे आकडे होते. खोटा निकाल तयार झाला तो काउंटीच्या कार्यालयात, शेवटच्या पायरीवर.

पहिला निर्णय: कार्डे किती बदलायची

ऑक्टोबरात क्लार्कच्या कार्यालयापुढे दोन मार्ग होते. मतपत्रिका बदललेल्या ठिकाणांपुरतीच कार्डे नव्याने तयार करायची, किंवा सगळ्या काउंटीची कार्डे परत मागवून नव्या रचनेनुसार भरायची आणि प्रत्येक यंत्राची पुन्हा चाचणी घ्यायची.

दुसरा मार्ग खर्चिक आणि वेळखाऊ. महामारीचे वर्ष, टपाली मतपत्रिकांचा पूर आणि हाताशी मोजकी माणसे. २०१८ च्या घटनादुरुस्तीनंतर मिशिगनमध्ये कारण न देता टपाली मतदान करता येत होते, आणि कोविडच्या काळात लोकांनी त्याचा भरपूर लाभ घेतला. अशा वेळी ‘ज्यांच्या कागदात बदल नाही त्यांच्या यंत्राला कशाला हात लावायचा’ हा विचार कुणालाही सुचला असता. मला तो निष्काळजीपणा वाटत नाही. ज्यांचा कागद बदलला नाही त्यांचे क्रमांकही आतून बदलले आहेत, हे कुणी त्यांना सांगितलेच नसेल तर साध्या बुद्धीला ते दिसणारही नव्हते.

मतदानाआधी यंत्रांची जाहीर चाचणी घेण्याची पद्धत तिकडे आहे. पण ही चाचणी कागद यंत्रात घालून पट्टी तपासण्यापाशी थांबली तर ती या चुकीपर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण पट्टी बरोबरच होती. चाचणीचे आकडे कार्डावरून काउंटीच्या संगणकात उतरवून तिथला तक्ता पाहिला असता तरच गोंधळ दिसला असता. दुरुस्तीनंतर ही टोकापासून टोकापर्यंतची तपासणी सगळीकडे झाली नाही. माझ्या मते प्रकरणातला सर्वांत महागडा क्षण हाच, आणि तेव्हा तो क्षण आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

यंत्रणा पुरवणाऱ्या डोमिनियन कंपनीच्या प्रणालीबद्दलही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. जुने कार्ड नव्या रचनेत घातले जात असताना संगणकाने ठळक सूचना देऊन काम अडवायला हवे होते. माणूस चुकणार हे गृहीत धरूनच अशी यंत्रणा बांधायची असते.

दुसरा निर्णय: निकाल लावायचा की थांबायचे

मतमोजणीच्या रात्री कार्यालयातली माणसे दिवसभर राबलेली होती. राज्यभर निकालांचा रेटा, वृत्तसंस्थांचे फोन. आकडे आले, चढवले, संकेतस्थळावर टाकले.

इथे थांबण्याचा पर्याय होता का? होता. अनधिकृत निकाल अमुक वाजेपर्यंत लावलाच पाहिजे म्हणून आभाळ कोसळणार नव्हते. कुठल्याही एका टाउनशिपची छापील पट्टी हातात घेऊन ती संगणकाच्या तक्त्याशी ताडून पाहायला दहा मिनिटे पुरली असती. आणि पट्टी नसती पाहिली, तरी त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपली काउंटी ठाऊक होती. ज्या बाईंनी इतक्या निवडणुका पाहिल्या, त्यांनी शांत डोक्याने तो तक्ता पाहिला असता तर त्या चमकल्याच असत्या. पण पहाटेच्या वेळी, थकलेल्या डोळ्यांना आकडे हे फक्त आकडे दिसतात.

गावाचा कल हा पुरावा नव्हे. कलाशी जुळत नाही म्हणून कुठलाही निकाल खोटा ठरत नाही, आणि तसे मानायला लागलो तर निवडणूक घ्यायचीच कशाला? पण कलाशी इतका फटकून असलेला निकाल जाहीर करण्याआधी एकदा कागदाशी ताडून पाहावा, एवढी सूचना कल नक्कीच देतो. अँट्रिमच्या कार्यपद्धतीत या पायरीला जागाच नव्हती. ती पायरी लोकांनी सकाळी फोन करून पूर्ण केली.

तिसरा निर्णय: दुरुस्ती कशी करायची

चूक लक्षात आल्यावर आकडे काढून घेतले गेले. आता मार्ग तीन होते. सगळ्या मतपत्रिका बरोबर कार्डे घालून पुन्हा यंत्रात घालायच्या. छापील पट्ट्यांवरचे आकडे हाताने संगणकात भरायचे. किंवा सगळी मते माणसांनी हाताने मोजायची.

कार्यालयाने मुख्यतः दुसरा मार्ग धरला. पट्ट्या बरोबर होत्या, त्यामुळे मार्ग तत्त्वतः चुकीचा नव्हता. पण हाताने भरताना पुन्हा चुका झाल्या. ५ नोव्हेंबरला जो सुधारित निकाल दिसला त्यात ट्रम्प ९,७८३ आणि बायडेन ७,२८९ होते. विजेता आता अपेक्षेप्रमाणे, पण दोघांची बेरीज १७,०७२, म्हणजे मतदान करणाऱ्यांच्या एकूण संख्येपेक्षा हजाराने जास्त. काही आकडे दोनदा चढले होते. त्यानंतर आणखी दुरुस्त्या होऊन अखेर प्रमाणित निकाल ठरला: ट्रम्प ९,७४८, बायडेन ५,९६०. ट्रम्प यांना सुमारे ६१ टक्के, म्हणजे काउंटीच्या नेहमीच्या कलाला धरून.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र काय दिसले? एकाच निवडणुकीचे तीन निकाल, आणि दर वेळी वेगळा आकडा. ‘थेंबाने गेली ती हौदाने येत नाही’ असे आपण अब्रूबद्दल म्हणतो. इथे तर पहिला थेंब गेल्यावर पुन्हा पुन्हा थेंब सांडत राहिले. पहिल्या चुकीनंतर एक दिवस पूर्ण थांबून, दोन्ही पक्षांची माणसे समोर बसवून, पट्ट्या मोठ्याने वाचत आकडे भरले असते तर दुसरा चुकीचा तक्ता कधी बाहेर पडला नसता. घाई पहिल्या वेळी समजण्यासारखी होती. दुसऱ्या वेळची घाई मला खटकते.

सेंट्रल लेकची गोष्ट याहून नाजूक. त्या गावात गांजाविक्रीच्या दुकानाला परवानगी देण्याचा एक स्थानिक ठराव मतपत्रिकेवर होता. पहिल्या मोजणीत २६२ विरुद्ध २६२, म्हणजे ठराव नामंजूर. मतपत्रिका पुन्हा यंत्रात घातल्या तेव्हा २६२ विरुद्ध २६१, म्हणजे मंजूर. या फेरीत काही मतपत्रिका खराब झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्षाच्या हजारो मतांच्या फरकावर जगभर बोलले गेले, पण एकेक मत खरोखर निर्णायक होते ते इथे, हजारभर वस्तीच्या एका गावात. काउंटीवरचा खटलाही याच ठरावाच्या तक्रारीला धरून दाखल झाला.

चौथा निर्णय: लोकांना काय सांगायचे

६ नोव्हेंबरला राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत अँट्रिमचा उल्लेख केला. सहा हजार मते इकडची तिकडे झाली आणि हेच सॉफ्टवेअर इतर अनेक काउंट्यांत वापरले जाते, असा त्यांचा सूर होता. मिशिगनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांवर देखरेख ठेवणाऱ्या पदाधिकारी, जोसेलिन बेन्सन यांच्या कार्यालयाने उत्तर दिले की ही मानवी चूक आहे, सॉफ्टवेअरची नाही, आणि चूक लगेच सापडली आहे.

उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द ऐकल्यावर साध्या माणसाचा पुढचा प्रश्न असतो: कोणती? कशी? इतर ठिकाणी झाली नाही कशावरून? त्याचे सविस्तर उत्तर देणारा अहवाल आला २६ मार्च २०२१ रोजी. मिशिगन विद्यापीठाचे जे. ॲलेक्स हॅल्डरमन यांनी तो राज्याच्या विनंतीवरून लिहिला. हॅल्डरमन हे मतदान यंत्रांच्या त्रुटींवर वर्षानुवर्षे कडक टीका करत आलेले संशोधक. यंत्रे निर्दोष आहेत असे म्हणायची त्यांना काहीच गरज नव्हती. म्हणूनच चूक क्रमांकांच्या न जुळण्याची आहे आणि घोटाळ्याचा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष वजनदार ठरतो. सेंट्रल लेकचा तो ठराव वगळता कोणत्याही लढतीचा निकाल या गोंधळामुळे फिरला असण्याची शक्यता त्यांना दिसली नाही.

पण नोव्हेंबर ते मार्च या काळात रिकामी जागा रिकामी राहिली नाही. ४ डिसेंबरला न्यायालयाने काउंटीच्या यंत्रांच्या प्रती घेऊ दिल्या. १४ डिसेंबरला फिर्यादीच्या बाजूच्या तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध झाला. यंत्रांच्या नोंदींत ६८ टक्के चुका आहेत, असा त्याचा दावा होता. त्या नोंदी मते चुकीची मोजल्याच्या नव्हत्याच; कागद उलट फिरवून परत द्यावा लागणे अशा प्रकारच्या नेहमीच्या सूचनाही त्यांत होत्या. तरी हा अहवाल थेट व्हाइट हाउसमध्ये पोहोचला. ट्रम्प यांनी तो ॲटर्नी जनरल, म्हणजे देशाच्या न्यायखात्याचे प्रमुख, विल्यम बार यांच्या हाती दिला. मतदान यंत्रे जप्त करण्याच्या आदेशाचा १६ डिसेंबरचा एक मसुदा पुढे उघड झाला, त्यातही अँट्रिमचा आधार घेतलेला आहे. त्या आदेशावर सही झाली नाही. तेवीस हजार वस्तीच्या काउंटीतला हजेरीपटाचा गोंधळ देशाच्या लोकशाहीच्या वादात असा मध्यभागी जाऊन बसला.

१७ डिसेंबरला अँट्रिममधली अध्यक्षपदाची सगळी मते माणसांनी हाताने मोजली. मोजणीचे थेट प्रक्षेपण झाले. निकाल: ट्रम्प ९,७५९, बायडेन ५,९५९. प्रमाणित निकालापेक्षा ट्रम्प यांना अकरा मते जास्त, बायडेन यांना एक कमी. सुमारे सोळा हजार कागदांत फरक बारा मतांचा.

ही मोजणी म्हणजे सगळ्या प्रश्नांचे उत्तर होते, आणि तरी ती वरातीमागून आलेले घोडे ठरली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, संशय अजून ओला असताना, हेच झाले असते तर? कायद्याने आणि वेळापत्रकाने ते सोपे नव्हते हे मान्य करूनही मला वाटते की राज्याने तेव्हाच त्यासाठी धडपडायला हवे होते.

परिणाम

मे २०२१ मध्ये स्थानिक न्यायाधीशांनी खटला काढून टाकला, आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जून २०२१ मध्ये मिशिगन सिनेटच्या चौकशी समितीचा अहवाल आला. समिती रिपब्लिकनांच्या ताब्यात होती आणि अध्यक्ष होते रिपब्लिकन सिनेटर एड मॅकब्रूम. व्यापक घोटाळ्याचा पुरावा नाही, आणि अँट्रिमवरून रचलेल्या कहाण्या टिकत नाहीत, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. ज्या पक्षाच्या उमेदवाराने राज्य गमावले त्याच पक्षाच्या माणसाने हे लिहिणे सोपे नव्हते. मला या प्रकरणात मनापासून आदर वाटतो तो त्यांच्याबद्दल, आणि शिव्याशाप खात कार्यालयात येत राहिलेल्या त्या क्लार्कबाईंबद्दल. त्यांना धमक्या आल्या, आणि त्या त्यांच्याच पक्षाच्या निष्ठावंत म्हणवणाऱ्यांकडून आल्या.

मतदानाच्या कलाचे काय झाले? काहीच नाही. २०२४ मध्येही अँट्रिमने ट्रम्प यांनाच मोठ्या फरकाने निवडले. नकाशावरचा रंग तोच. पण नकाशा फक्त दोन पक्षांमधली रेघ दाखवतो, आणि इथली भेग एकाच पक्षाच्या आतून पडली. जुने रिपब्लिकन, ज्यांच्या लेखी गावाचे कार्यालय चोख चालवणे हेच राजकारण, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ते, ज्यांना २०२० चा निकाल मान्य करणे हीच फितुरी वाटते. टक्केवारीचे तक्ते वाचून ‘बालेकिल्ला अभेद्य’ म्हणणाऱ्या विश्लेषकाला हे दिसणार नाही. छोट्या गावाचा कल अभ्यासताना कोणाला किती मते पडली एवढेच पाहून भागत नाही. त्याच पक्षाचे शेजारी एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, हे विचारावे लागते.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबरातल्या दुरुस्तीबद्दल वर लिहिलेच आहे: एक मतपत्रिका बदलली तरी सगळी कार्डे बदलायची आणि चाचणी काउंटीच्या तक्त्यापर्यंत न्यायची. हा नियम प्रत्येक काउंटीत भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

निकाल लावण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल मी अधिक आग्रही आहे. एका कोऱ्या कागदावर तीन ओळी पुरतात. मतदान किती झाले आणि मुख्य लढतीतली बेरीज त्याच्याशी जुळते का. मागच्या निवडणुकीशी तुलना केली तर कुठल्या टाउनशिपमध्ये उडी अवास्तव आहे. आणि तशी उडी दिसली तर तिची छापील पट्टी कोणी, किती वाजता पाहिली. हा कागद दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी सही करून निकालासोबत लावावा. कलाशी न जुळणारा निकाल खरा असेल तर या कागदाने त्याचे बळच वाढेल. लीलनॉसारख्या ठिकाणी, जिथे वारे खरोखर फिरले, तिथे हरलेल्या बाजूची समजूत पटवायलाही असा कागद कामाचा.

आणि खुलासा. ५ नोव्हेंबरला, कॅमेऱ्यासमोर, एका टेबलावर जुने कार्ड, नवे कार्ड आणि छापील पट्टी ठेवून कुणीतरी पंधरा मिनिटांत हे समजावून सांगायला हवे होते. ‘मानवी चूक’ म्हणण्याऐवजी ‘ही चूक अशी झाली, इथे झाली, आणि ही पाहा खरी पट्टी’. हजेरीपटाची गोष्ट कुठल्याही शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला कळते. राज्याला पूर्ण सत्य हाती येईपर्यंत थांबायचे होते, आणि तो सावधपणा विद्यापीठात शोभतो. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात तो परवडत नाही.

चार वर्षांनी

क्लार्कबाई निवृत्त होणार होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागेसाठी रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान, झाली आणि २०२० च्या निकालावर शंका घेणारी उमेदवार जिंकली. तेव्हा बाईंनी निवृत्तीचा विचार बाजूला ठेवला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत उतरल्या. पण मतपत्रिका ठरून गेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे नाव छापलेले नव्हते. ज्याला त्यांना मत द्यायचे त्याने रिकाम्या ओळीवर ते स्वतःच्या हाताने लिहायचे होते. त्या हरल्या. अशा मतांचे नाव यंत्राला वाचता येत नाही. ती कर्मचाऱ्यांनी एकेक कागद उघडून, डोळ्यांनी अक्षर लावून मोजली.